हुकूम कुणाचा होता?

महाराष्ट्रातील मतदान केंद्रांची मोजणी मणिबेलीपासून सुरू होते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या दक्षिण काठावर, गुजरातच्या हद्दीला टेकलेले हे आदिवासी गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात शिरले तेही सर्वांत आधी इथेच. राज्यातली ३३ गावे या धरणाच्या बुडिताखाली आली. त्यांतली नऊ अक्कलकुव्यातली, बाकीची अक्राणी तालुक्यातली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत हा सगळा पट्टा धुळे जिल्ह्यात मोडत असे.

१९९१, १९९२ आणि १९९३ या तीन पावसाळ्यांत नर्मदा बचाव आंदोलनाचा सत्याग्रह मणिबेलीत झाला आणि त्याच काळात गावात पोलिसांची छावणी पडली. जमावबंदी, अटका, लाठी, बंदोबस्तात खाली करून घेतलेली घरे: पोलिसी कामाचे बहुतेक प्रकार या लहानशा गावाने दोन-तीन वर्षांत पाहिले. न्यूयॉर्कच्या एशिया वॉच या संघटनेने जून १९९२ मध्ये खोऱ्यातील मानवी हक्कांच्या पायमल्लीवर अहवाल काढला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच वकिलांच्या एका समितीने दुसरा काढला. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणे थांबवावे, अशी मागणी करणारे निवेदन १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संघटनांनी आणि आघाड्यांनी काढले, त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’.

गावाचे नाव एवढे दूर गेले, पण गावात जे घडले त्याचा जाब फारसा कुठे पोहोचला नाही. याचे कारण दोन प्रश्नांच्या गुंत्यात आहे. धरण हवे की नको, हा पहिला प्रश्न. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोलिसांनी जे केले ते कायद्यात बसत होते का, आणि बसत नसेल तर त्याची जबाबदारी कुणाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर देश दुभंगला होता, त्यामुळे दुसऱ्याचे उत्तर जो तो आपल्या बाजूवरून ठरवत राहिला.

पुढील संवादातले दोघे म्हणजे व्यक्ती नव्हेत, भूमिका आहेत. एक महसूल खात्यातला निवृत्त तहसीलदार, ज्याला या भागात सगळे रावसाहेब म्हणतात. दुसरी आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळेतली शिक्षिका. अशा पहिल्या निवासी शाळा १९९१-९२ मध्ये चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे सुरू झाल्या. दोघे जे बोलतात ते कचेऱ्यांत आणि खोऱ्यात गेली तीस-पस्तीस वर्षे बोलले गेलेले आहे.

वादाची सुरुवात निवाड्यापासून होते. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, म्हणजे ४५५ फूट ठरली. गुजरातला ९० लाख एकर-फूट पाणी मिळाले, महाराष्ट्राला अडीच लाख एकर-फूट आणि विजेतला २७ टक्के वाटा.

अधिकारी : ताई, निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाइतकाच बंधनकारक होता. चार राज्ये भांडून थकली, तेव्हा तो आला. कच्छ-सौराष्ट्रात १९८५ ते ८८ सलग दुष्काळ पडला. तिथल्या लोकांनी गुरे मरताना पाहिली. त्यांच्या दृष्टीने नर्मदेचे पाणी म्हणजे जीवच होता. महाराष्ट्र सरकारवर जमीन खाली करून देण्याची जबाबदारी होती. ती आम्ही आमच्या मर्जीने अंगावर घेतलेली नव्हती.

शिक्षिका : रावसाहेब, निवाड्यातले दुसरे कलमही तेवढेच बंधनकारक होते ना? भरपाई दिल्याशिवाय आणि पुनर्वसनाची सोय केल्याशिवाय मध्य प्रदेशातली किंवा महाराष्ट्रातली कुठलीही जागा बुडवायची नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कुटुंबाला कमीत कमी दोन हेक्टर जमीन द्यायची, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरायचा, तेही त्यातच आहे. घर खाली करायला पोलीस आले. जमीन मिळाली नाही म्हणून कुणाला जाब विचारायला कधी पोलीस आले?

अधिकारी : जमीन देणे हे पोलिसांचे काम नाही.

शिक्षिका : तेच म्हणते मी. निवाड्याच्या एका अर्ध्यासाठी बंदोबस्त होता आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी पत्रव्यवहार.

शिक्षिकेचा हा मुद्दा नेमका आहे. पोलीस बळ कुठे वापरले गेले एवढे पाहून भागत नाही. ते कशासाठी वापरले गेले आणि कशासाठी राखून ठेवले गेले, हेही पाहावे लागते. निवाडा मोडणारी बाजू शासन असेल, तर तिच्याविरुद्ध बंदोबस्त मागण्याची सोय कुठल्याही ठाण्यात नसते.

निवाड्यानंतरचा खरा संघर्ष पेटला सर्व्हेवरून. नर्मदाकाठच्या पाड्यांमध्ये बहुतेकांची शेती नेवाडाची, म्हणजे जंगल साफ करून पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवरची. सातबारावर नाव नाही. महसुली कागदात हा माणूस अतिक्रमणदार, आणि निवाडा बोलतो खातेदाराबद्दल. मोजणी झाली, पंचनामा झाला, यादीत नाव चढले, तरच माणूस ‘घोषित’ प्रकल्पग्रस्त. नाव नसेल तर तो ‘अघोषित’. हा शब्द खोऱ्यात आजही लोकांच्या तोंडी आहे. आंदोलनाने १९८८ मध्ये धरणाला पूर्ण विरोध जाहीर केला आणि सर्व्हेवर बहिष्कार टाकला. सर्व्हे होऊ देणे म्हणजे बुडायला संमती देणे, असा त्यामागचा अर्थ होता.

अधिकारी : आमची माणसे साखळी आणि वह्या घेऊन यायची. गावाच्या वेशीवर बायका-मुले आडवी. साखळी काढून घेतली, वह्या काढून घेतल्या. मोजायला गेलेला कारकून काय अन्याय करत होता? त्या वेळी मोजू दिले असते तर पुढे शेकडो कुटुंबे अघोषित राहिली नसती. बहिष्काराची किंमत तुमच्याच लोकांनी मोजली. हे तुम्ही कधी मान्य करणार?

शिक्षिका : किंमत मोजली, हे मान्य. पण साखळीच्या मागे बंदूक का होती, ते सांगा. गावाने बैठक मागितली होती. जमीन कुठे देणार ते दाखवा, मग मोजा, एवढेच म्हणणे होते. पुनर्वसनासाठी तळोद्याचे जंगल सोडायला केंद्राची परवानगी मिळाली नव्हती, तेव्हाही पोरांच्या हातात नोटिसा दिल्या जात होत्या.

अधिकारी : तळोद्याची जमीन मिळाली, ताई. दोन टप्प्यांत मिळून सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी झाली. त्यासाठी मंत्रालयात किती फायली फिरल्या, ते आम्हाला ठाऊक.

शिक्षिका : आणि त्या जमिनीवर आधीपासून कसणारे आदिवासी होते, हेही तुम्हाला ठाऊक. एका आदिवासीला उठवून दुसऱ्याला बसवले आणि मग दोघांच्या मध्ये पोलीस उभे केले.

१९ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्व्हेच्याच वादातून नर्मदाकाठच्या चिंचखेडीत पोलिसांनी गोळीबार केला. रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन आदिवासी मुलगा त्यात मरण पावला. सरदार सरोवराच्या विरोधातल्या लढ्यात महाराष्ट्राच्या हद्दीत पोलिसांच्या गोळीने गेलेला हा जीव खोऱ्यातल्या सभांमध्ये आजही नावाने आठवला जातो.

या घटनेबद्दल दोघे बोलू लागले की संवादाचा सूर बदलतो.

अधिकारी : जमाव होता. धनुष्यबाण होते, दगड होते. पथकातली माणसेही कुणाची तरी मुले होती. गोळीबाराचा हुकूम कुणी सहज देत नाही.

शिक्षिका : सहज दिला, असे मी म्हणत नाही. कुणी दिला, एवढे विचारते. आधी इशारा दिला का, हवेत झाडली का, कमरेखाली नेम धरला का, पथकाबरोबर कार्यकारी दंडाधिकारी होता का, आणि असेल तर त्याने कागदावर काय लिहिले? या पाच गोष्टींची उत्तरे धरणाच्या बाजूने असलेल्या माणसालाही हवी असायला हवीत.

अधिकारी : उत्तरे असतात. ती चौकशीच्या फायलीत असतात.

शिक्षिका : फाईल कुणाकडे असते?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. बेकायदा जमाव पांगवण्याचे अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२९ ते १३१ मध्ये होते आणि त्या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येणार नाही, असे कलम १३२ सांगत असे. सरकारी कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यांसाठी कलम १९७ मध्ये अशीच मंजुरीची अट होती. म्हणजे सर्व्हे ज्या शासनाचा, बंदोबस्त ज्या शासनाचा, त्याच शासनाने आपल्या माणसावर खटला चालवू द्यायचा की नाही ते ठरवायचे. १ जुलै २०२४ पासून संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. मंजुरीची अट कायम आहे. नव्या संहितेत मंजुरीच्या अर्जावर सरकारने १२० दिवसांत निर्णय द्यायचा आणि न दिल्यास मंजुरी मिळाली असे धरायचे, एवढी सुधारणा कलम २१८ मध्ये झाली आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला, चिंचखेडीच्या गोळीबाराच्या जेमतेम पाच आठवडे आधी. त्यामुळे तक्रारीला दिल्लीत एक पत्ता मिळाला, पण आयोगाचे हात शिफारशीपर्यंतच पोहोचतात. घटनेनंतर वर्ष उलटले की तो तक्रार घेऊ शकत नाही. होडीने, मग पायी, मग एसटीने धडगाव किंवा अक्कलकुवा गाठणाऱ्या माणसाला वर्ष किती लवकर संपते, हे अशी मुदत ठरवणाऱ्यांनी काठावर येऊन पाहायला हवे होते.

अधिकारी मंजुरीच्या अटीचा बचाव करतो आणि त्याचे म्हणणे वजनदार आहे. प्रत्येक बंदोबस्तानंतर वीस-वीस खटले दाखल होऊ लागले तर कुणीही अधिकारी गावात पाऊल टाकणार नाही. लाठी न चालवता जमाव शांत करणारा अंमलदारही कोर्टाच्या फेऱ्यांनी मोडेल. शिक्षिका यावर एवढेच विचारते की, मग मंजुरी देणारा तिऱ्हाईत का नसावा?

दोन्ही बाजूंचे कान कसे बंद झाले, ते समजण्यासाठी फेरकुव्याकडे जावे लागते. डिसेंबर १९९० मध्ये बाबा आमटे आणि मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे अडवली गेली. समोर गुजरातमधून आलेले धरणसमर्थकांचे मोठे जमाव बसले होते. त्यांच्या पुढे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या पत्नी ऊर्मिलाबेन होत्या. मध्ये पोलीस. जानेवारी १९९१ मध्ये मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बावीस दिवस उपोषण केले. गुजरातमध्ये या प्रश्नावर काँग्रेस, जनता दल, भाजप असा भेद राहिला नाही. धरणाला विरोध म्हणजे गुजरातला विरोध, हे समीकरण पक्के झाले. १९८८ मध्येच गुजरात सरकारने धरण परिसराला सरकारी गुपिते कायदा लावला होता. देशाच्या गुपितांसाठी असलेला कायदा पाण्याच्या भिंतीभोवती आला, तेव्हाच संशय सुरू झाला होता. याच गुजरातमध्ये आर्च वाहिनीसारखी संस्था होती. विस्थापितांच्या जमिनीसाठी तिने सरकारशी झगडा केला आणि चांगले पुनर्वसन धोरण मिळाल्यावर धरण स्वीकारले. आंदोलनाच्या नजरेत ती फुटली, गुजरातच्या नजरेत ती शहाणी ठरली. तिचे पुनर्वसनातले कामही मग या दोन चष्म्यांतूनच मोजले गेले.

खोऱ्यात ही फूट घरापर्यंत आली. मणिबेलीतली काही कुटुंबे गुजरातेत परवेटा वसाहतीत गेली, काही गावातच राहिली. जाणाऱ्याला दलाल म्हणायचे, राहणाऱ्याला आडमुठा.

अधिकारी : जाणाऱ्यांच्या घरांची लाकडे उतरवताना पोलीस का लागले, माहीत आहे? राहणाऱ्यांनी अडवले म्हणून. तेव्हा पोलीस आदिवासीच्याच बाजूने उभे होते. ज्याला जायचे त्याला जाऊ द्यायला नको का?

शिक्षिका : द्यायलाच हवे. पण ज्याला राहायचे त्यालाही तेवढेच संरक्षण हवे होते. जाणाऱ्याच्या तक्रारीवर त्याच दिवशी ट्रक आणि पोलीस. राहणाऱ्याने कुणाविरुद्ध फिर्याद दिली तर ती नोंदवून घ्यायलाही मोर्चा.

अधिकारी : तुमच्या फिर्यादी फिर्यादी नसायच्या, ताई. पत्रके असायची. पहिल्या ओळीत जागतिक बँक, शेवटच्या ओळीत लाठी. ठाणे अंमलदाराने त्यातून गुन्हा शोधायचा कसा?

मोठ्या अन्यायाच्या लढ्यात लहान अन्यायाची फिर्याद मोठ्यात विरून जाते. आंदोलनाच्या पत्रकात लाठीची जखम धरणाच्या अन्यायाचा पुरावा म्हणून येते. शासनाच्या पत्रकात तीच जखम आंदोलकांच्या हिंसेचा पुरावा म्हणून येते. जखम झालेल्या माणसाला मात्र तारीख, वेळ, बिल्ला क्रमांक आणि डॉक्टरचा दाखला लागतो. खोऱ्यात नेमके हेच नोंदवणारा तिसरा कुणी नव्हता आणि ही उणीव कुठल्याही एका बाजूच्या माथी मारून संपत नाही.

नदीच्या पलीकडच्या काठावर एकदा हे वेगळ्या रीतीने झाले. अलीराजपूर भागात खेडूत मजदूर चेतना संगठ आदिवासींमध्ये काम करत असे. त्याच्या कार्यकर्त्यांना अटक करून हातात बेड्या घालून बाजारातून आणि कोर्टात नेण्यात आले. संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि तिचा निकाल १९९४ मध्ये लागला. न्यायालयासमोर प्रश्न धरणाचा नव्हता, जंगलाचाही नव्हता. बेड्या कुणी घातल्या, दंडाधिकाऱ्याची परवानगी होती का, आणि समोर बेड्यांतली माणसे उभी असताना दंडाधिकाऱ्याने काय केले, एवढेच. आरोपीला कारणाशिवाय बेड्या घालता येणार नाहीत, हे प्रेमशंकर शुक्ल प्रकरणात १९८० मध्येच ठरलेले होते. न्यायालयाने बेड्या बेकायदा ठरवल्या आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्या दंडाधिकाऱ्यालाही दोष दिला.

शिक्षिका : ते न्यायमूर्ती धरणाच्या बाजूने होते की विरोधात, हे त्या निकालातून कळत नाही. म्हणूनच तो निकाल मला आवडतो.

अधिकारी : आणि म्हणूनच मलाही. माझ्या हातून अशी चूक झाली असती तर मला नावानिशी दोष मिळाला असता. सगळ्या महसूल खात्याला खुनी म्हणण्यापेक्षा ते बरे.

दोघे सहमत होण्याची ही पहिलीच जागा आहे.

प्रश्न निव्वळ आपल्याकडचा नाही, हे अमेरिकेकडे पाहिले की लक्षात येते. तिथे बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफ निवडणुकीने येतो आणि जिल्हा सरकारी वकीलही. पोलिसांना जाब विचारणे हाच निवडणुकीचा मुद्दा असतो. १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली नागरिकाला अधिकाऱ्यावर दिवाणी दावा लावता येतो, पण सर्वोच्च न्यायालयाने घडवलेल्या ‘मर्यादित संरक्षण’ सिद्धान्तामुळे अधिकारी अनेकदा सुटतो. आधी ठरलेला हक्क त्याने स्पष्टपणे मोडला, हे दावेदाराला दाखवावे लागते. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. डेरेक शॉविन या पोलिसाला २० एप्रिल २०२१ रोजी ज्यूरीने दोषी ठरवले. त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीसमोर एक माणूस, एक गळा आणि नऊ मिनिटांहून अधिक काळाचे चित्रण होते. त्या खटल्याबाहेर तोच मृत्यू पक्षांत वाटला गेला. फ्लॉइड यांच्या नावाचे पोलीस सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर झाले आणि सेनेटमध्ये अडकले. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला. त्यात पोलीसही जखमी झाले. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार आरोपींना एका सहीने माफी किंवा शिक्षेत सूट दिली. पोलिसावरचा हल्ला गुन्हा आहे की नाही, हेही हल्लेखोर कुठल्या बाजूचा त्यावर ठरू लागले.

शिक्षिका : इथे गुन्हे मागे घेण्याची पद्धत आहेच. आंदोलनातले खटले सरकार बदलले की मागे. पोलिसांवरचे दाखलच होत नाहीत, मग मागे काय घेणार?

अधिकारी : तिकडे चित्रण होते, ताई. १९९३ च्या काठावर कुणाच्या हातात कॅमेरा होता?

शिक्षिका : वायरलेसची नोंदवही होती. स्टेशन डायरी होती. शस्त्रागारातून किती गोळ्या काढल्या, किती परत केल्या, त्याचा हिशेब होता. तो हिशेब गावाला दाखवायला कॅमेरा लागत नाही.

न्यायालयाच्या पायरीवरही हीच गुंतागुंत पोहोचली. आंदोलनाची याचिका १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९५ पासून धरणाची उंची काही वर्षे ८०.३ मीटरवर थांबली. १८ ऑक्टोबर २००० रोजी निकाल आला, दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती कृपाल आणि सरन्यायाधीश आनंद यांनी बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. उंची पुनर्वसनाच्या प्रगतीबरोबर वाढवावी, असे सांगितले. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत वेगळे होते. १९८७ ची पर्यावरण मंजुरी पुरेशा अभ्यासाशिवाय दिली गेली, तज्ज्ञ समितीने तपासेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी लिहिले. अमेरिकेत बुश आणि गोर यांच्यातली निवडणूक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाली काढली, ती त्याच वर्षी डिसेंबरात. देश दुभंगलेला असताना असे निकाल एका बाजूच्या विजयासारखे वाचले जातात. निकालानंतर न्यायालयाबाहेर झालेल्या निदर्शनांवरून अवमानाची प्रक्रिया सुरू झाली. तिच्यातच अरुंधती रॉय यांच्यावर स्वतंत्र कारवाई होऊन ६ मार्च २००२ रोजी त्यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला.

अधिकारी : देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने धरणाला हिरवा कंदील दिला. आमच्या कामाला त्याहून मोठी पावती कोणती?

शिक्षिका : त्या निकालात चिंचखेडीची गोळी बरोबर होती, असे कुठे म्हटले आहे? तो निकाल भिंतीबद्दल होता. बंदुकीबद्दल नव्हता. तुम्ही एका निकालाने दुसरी फाईल बंद करता.

अधिकाऱ्याकडे याचे उत्तर नाही आणि प्रामाणिक अधिकारी ते असल्याचे भासवणारही नाही. पुनर्वसनाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने नंतर काही दरवाजे उघडले, हे त्याने सांगायलाच हवे. २००० मध्ये राज्याने निवृत्त न्यायमूर्ती कुर्डूकर यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण नेमले. २००१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती आली. ती गावांत फिरली. कागदावर आणि प्रत्यक्षात किती अंतर आहे, किती माणसे अघोषित राहिली, हे तिने शासनापुढे ठेवले. त्यानंतर जमिनीच्या मोजण्या काही ठिकाणी गावकऱ्यांबरोबर बसून झाल्या. १९९३ मध्ये बंदुकीच्या पहाऱ्यात जे जमले नाही ते चावडीवर चटईवर बसून जमले. यातला प्रत्येक टप्पा लोकांना मोर्चे काढून मिळवावा लागला, पण मिळाला. ज्या प्राधिकरणाचा आणि ज्या समितीचा प्रश्न नेमका जमिनीचा होता, तिथे दोन्ही बाजू एका कागदावर सही करू शकल्या.

पोलिसांच्या कृतीसाठी तसा कागद उशिरा आला. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून तशी तरतूद केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात न्यायालयाने पोलीस चकमकीतल्या मृत्यूनंतर काय करायचे ते ठरवून दिले: गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, नातलगांना लवकर कळवायचे. मुंबईतील चकमकींच्या मालिकेतून आलेले हे नियम होते. नदीकाठच्या जमावावर झाडलेल्या गोळीला ते जसेच्या तसे लावता येतील का, यावर वकिलांचे मतभेद होऊ शकतात.

अधिकारी : हे सगळे १९९३ मध्ये असते तर आमच्यावरचा बोजाही कमी झाला असता. बंदोबस्ताला जाताना दंडाधिकारी सोबत, चित्रीकरण, नंतर बाहेरचा तपास. ज्याने चूक केली नाही त्याला त्याचा फायदाच.

शिक्षिका : मग मंजुरी?

अधिकारी : मंजुरी राहू द्या. पण ती द्यायची की नाही हे गृहखात्याऐवजी न्यायिक अधिकाऱ्याने ठरवावे, याला मी आता नाही म्हणणार नाही.

शिक्षिका : आणि नकार दिला तर कारणे लेखी, गावाच्या भाषेत, चावडीवर लावलेली.

अधिकारी : ते जड जाईल.

शिक्षिका : कुणाला?

धरण २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत चढले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर त्याआधीच पाण्याखाली गेले होते. गुजरातेत गोरा इथे नवे मंदिर उभे आहे. मणिबेलीचे जे लोक उरले ते डोंगरावर वर सरकले. निवडणुकीत यंत्रे आणि कर्मचारी पाण्यावरून त्यांच्याकडे येतात, सोबत बंदोबस्ताचे पोलीस असतात. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एक नमुना भरतो. त्यात यंत्राचा क्रमांक, मतांची संख्या, हजर असलेल्यांच्या सह्या असे सगळे येते आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधींना तिथेच हातात दिली जाते.